दुमडू नका

परवा भाच्याने माझ्याकडचं शेवटचं पंचकार्ड चार घड्या घालून टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल डुगडुगत होतं म्हणे. वर मलाच ऐकवतो, "मामा, त्यावर काही नव्हतंच, नुसती भोकं होती!"

नुसती भोकं! "दुमडू नका, भोसकू नका, फाडू नका" अशी तंबी एकेकाळी या कार्डांवर छापलेली असे. कॉम्प्युटर प्रोग्राम वाचायचा तो याच भोकांतून. एका कार्डावर ८० रकाने, रकान्यात एक अक्षर, म्हणजे प्रोग्रामची एक ओळ. फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतलं विधान सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंत. सहाव्यात चुकून अक्षर पडलं, की ती ओळ आधीच्या ओळीचं शेपूट समजली जायची. मी एकदा सहाव्यापासूनच सुरुवात केली होती. निकाल दुसऱ्या दिवशी मिळाला: पानभर चुका. एका रकान्यापायी अख्खा दिवस गेला.

आणि कॉम्प्युटर सेंटरची ती खिडकी! तिथे गठ्ठा द्यायचा आणि निघायचं, मशीनचं दर्शन नाही. मी तीनशेएक कार्डं घेऊन रांगेत होतो, नेमका तेव्हाच रबरबँड तुटला. कार्डं फरशीभर. मी गुडघ्यांवर. मागे काखेत खोका धरलेले एक गृहस्थ उभे होते.

"रेघ मारली होतीत?"

"कसली रेघ?"

"गठ्ठ्याच्या डोक्यावर, तिरकी, पेनाने. विस्कटला तरी जुळवता येतो."

"नाही मारली."

"मग त्र्याहत्तर ते ऐंशी रकान्यांत क्रमांक? प्रोग्रामचं भाषांतर करणारा कम्पायलर ते बघत नाही. ते आपल्याचसाठी असतात."

"तेही नाहीत."

"आळस," ते खिडकीकडे बघून म्हणाले, जणू आत कुणी नोंद करून घेत होतं.

"अहो, तुमचा पाय माझ्या कार्डावर आहे."

त्यांनी खाली पाहिलं. पाय उचलला नाही. उलट किंचित वाकून कार्डाच्या माथ्यावर छापलेली ओळ वाचली. "गो टू १०. अजून गो टू वापरता?"

संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९६८ साली गो टू, म्हणजे प्रोग्राममध्ये भलत्या ओळीवर उडी मारायचा हुकूम, घातक ठरवल्यापासून अशी माणसं जागोजागी भेटत. पण फोरट्रान ७७ ही आवृत्ती यायच्या आधी आमच्याकडे "नाहीतर हे कर" सांगणारा एल्स होताच कुठे? गो टू नाही तर काय, लोटांगण घालत जायचं? लोटांगण तर मी तेव्हा घालतच होतो. शेवटी त्यांनी पाय उचलला. कार्डावर बुटाचा ठसा. ते कार्ड वाचणाऱ्या यंत्रात अडकलं, आणि आतल्या ऑपरेटरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बूट माझाच आहे.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याच्या कानात शिरलं एकच. "फक्त ८० अक्षरं? एक मेसेजही मावणार नाही!"

मग त्याच्या ऑफिसात पायथन भाषेतली ओळ ७९ अक्षरांत का कोंबतात, ते विचारलं. "तसा नियम आहे," म्हणाला. कुठून आला, ते ठाऊक नाही. अरे बाबा, आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचं कार्ड काढलं, पुढे कॉम्प्युटरचे पडदेही त्याच मापाचे झाले, आणि तू अजून त्याच पट्टीत लिहितोस! तो "हो का," म्हणाला आणि फोनमध्ये शिरला. मला वाटतं, फरशीवरच्या त्या गृहस्थांना निदान माझं कार्ड वाचावंसं तरी वाटलं होतं.

मी कार्ड टेबलाखालून काढलं, जाड पुस्तकात दाबून ठेवलं. घड्या गेल्या नाहीत.

आज सकाळी हाक आली, "मामा, टेबल परत हलतंय. ते कार्ड कुठे ठेवलंत?"