लाइफलाइनचे प्रशिक्षण: ठेकेदारांना चार शब्द

आपण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडचे काम घेतले असेल आणि मजुरांना लाइफलाइनचे, म्हणजे उंचावर काम करताना अंगावरच्या पट्ट्याची दोरी जिला अडकवायची त्या आडव्या तारेचे, प्रशिक्षण दिल्याचा कागद कंपनीने मागितला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. ४ मार्च, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिन, येईपर्यंत थांबावे. त्या दिवशी फलक, हारतुरे आणि मिसळ यांची सोय कंपनीच करते. त्या गर्दीत आपली वीस माणसे उभी केली की हजेरीपटावरच्या सह्यांचा प्रश्न मिटतो. व्याख्यान इंग्रजी स्लाइडवरून द्यावे. सुरगाणा-पेठहून आलेली माणसे काही विचारत नाहीत, याचा अर्थ त्यांना सगळे समजले असाच घ्यावा.

हार्नेस, म्हणजे खांद्यांना आणि मांड्यांना बांधायचा सुरक्षा पट्टा, प्रत्येकाला स्वतः घालायला लावू नये. मांड्यांचे पट्टे सैल आहेत, पाठीवरची कडी खांद्यांच्या मध्ये नसून कमरेवर आली आहे, असल्या नको त्या गोष्टी त्यातून उघड होतात. एकाला घालून उभे करावे, बाकीच्यांनी पाहावे. रामकुंडाच्या पायरीवर बसून पोहणे शिकता येत असेल, तर हेही येईल.

लाइफलाइन बांधण्याच्या बाबतीत आपण नाशिककर विशेष भाग्यवान आहोत, कारण गावाकडे द्राक्षाच्या मांडवाची तार उरलेली असतेच. ती दोन टोकांच्या नळ्यांना बांधून तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणावी. झोळ दिसायला वाईट दिसतो. अशा तारेच्या मध्यावर माणूस लोंबकळला आणि ती दोन्ही बाजूंना जेमतेम ५ अंश झुकली, तर प्रत्येक टोकावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ सहापट ओढ येते. तीच ३० अंश झुकली असती तर ओढ वजनाइतकीच राहिली असती. हे नुसते लोंबकळण्याचे गणित झाले, पडतानाचा हिसका वेगळाच. मांडवाच्या टोकाच्या अँगलला बाहेरून ताण का द्यावा लागतो, हे निफाडचा कोणताही बागायतदार सांगेल. म्हणूनच त्याला विचारू नये. अमेरिकेतला नियम सर्वसाधारणपणे एका माणसामागे सुमारे २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांचा भार पेलणारा आधार मागतो. आपल्याकडे पाण्याचा पाइप असतो.

हार्नेसच्या दोरीचा हुक कोठे अडकवायचा, हे मजुराच्या सोयीवर सोडावे. तो बहुधा पायाशीच अडकवील, कारण डोक्यावर काही अडकवण्याजोगे आपण ठेवलेलेच नसते. १.८ मीटरची दोरी, धक्का झेलणारी पट्टी पूर्ण उलगडली तर आणखी १.७५ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर आणि खाली मीटरभर मोकळी जागा, अशी ही बेरीज ६ मीटरच्या पुढे जाते. शेड ५ मीटर उंच असेल, तर उत्तम दर्जाचे सामान वापरूनही जमीन आधी लागू शकते. एकदा हिसका बसलेला हार्नेस पुन्हा वापरू नये, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते खरे, परंतु ते पत्रक खोक्याबरोबर भंगारात गेलेले असते.

माणूस वरच्या वर अडकला, तर त्याला खाली कसे आणायचे, हा विषय मात्र प्रशिक्षणात अजिबात घेऊ नये. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणाऱ्याचे रक्त पायांत साकळते आणि काही मिनिटांतच त्याची शुद्ध हरपू शकते, हे ऐकले तर उद्या कोणी वर चढणार नाही. आपण अग्निशमन दलाचा १०१ क्रमांक फिरवावा. गाडी संध्याकाळी सहाला द्वारका चौकातल्या कोंडीतून सुटून अंबडला पोहोचेपर्यंत हजेरीपट काढून त्यावर त्याची सही आहे ना, एवढे तपासून ठेवावे.