मागच्या सीटवरचा बेल्ट शोभेला दिलेला नाहीये

हल्ली कोणी गाडी घेतली की मायलेजच्या आधी "एअरबॅग किती? स्टार किती?" असं विचारतात, आणि मला याचा खरंच आनंद आहे. 2014 ला ग्लोबल एनकॅपने (ही संस्था गाड्या आपटून बघते आणि सुरक्षेचे स्टार देते, जास्तीत जास्त पाच) आपल्याकडच्या अल्टो, नॅनो, आय टेन, फिगो, पोलो अशा गाड्यांचे बेसिक मॉडेल आपटून बघितले तेव्हा सगळ्यांना झिरो स्टार मिळाले होते आणि बहुतेकांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. आता 2023 पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे. पण तीच फाइव्ह स्टार गाडी घेऊन लोक गणपतीला गावी निघतात, मागे तिघं, मांडीवर एक पोरगं, आणि एकाचाही बेल्ट नाही. अहो, ते स्टार मिळाले ना, त्या टेस्टमध्ये आतल्या डमींना, म्हणजे माणसांच्या जागी बसवलेल्या बाहुल्यांना, बेल्ट लावलेला असतो, लहान मुलांच्या डमी चाइल्ड सीटमध्ये बांधलेल्या असतात! बेल्ट काढला की तुमच्यापुरते ते स्टार गेले.

4 सप्टेंबर 2022, पालघरजवळ सूर्या नदीचा पूल. उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी साधीसुधी नव्हती, मर्सिडीज होती. पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघंही गेले आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. त्याच्याही आधी 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे साहेब. केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता, विमानतळाकडे निघाले होते, मागच्या सीटवर बसलेले, चौकात दुसरी गाडी येऊन धडकली. बेल्ट असता तर वाचले असते असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. बीडपासून मुंबईपर्यंत लोक ढसाढसा रडले, मग त्यातून आपण शिकलो काय?

एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ देत नाही), ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरते) ही मंडळी अपघात होऊ नये म्हणून असतात आणि ती भारीच आहेत. (एबीएस लागलं की ब्रेक पेडल पायाखाली थरथरतं, घाबरून पाय काढू नका, दाबून धरा. आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर एबीएस काही करू शकत नाही, आधी टायर बदला.) पण चौकात दुसराच कोणी येऊन ठोकला तर तुमचं एबीएस काय करणार? तिथून पुढे काम बेल्टचं आणि एअरबॅगचं.

एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, आणि ती बेल्टच्या जोडीला बनवलेली आहे, बेल्टच्या ऐवजी नाही. बेल्ट नसेल तर तुम्ही पुढे फेकले जाता आणि नेमके फुगत्या बॅगेवर जाऊन आदळता, तोच मार बसतो. मांडीवर मूल घेऊन पुढे बसणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचा, त्या बॅगेच्या आणि तुमच्या मधे ते मूल असतं. आणि बेल्ट म्हणजे नुसती पट्टी नाही. चांगल्या गाडीत धडक बसली की प्रीटेन्शनर नावाच्या भागातली थोडीशी स्फोटक दारू उडते, पट्टा झटक्यात खेचून तुम्हाला सीटला चिकटवते, आणि मग लोड लिमिटर तोच पट्टा थोडा थोडा सोडतो म्हणजे बरगड्या मोडू नयेत. एवढं डोकं लावलंय कोणीतरी आणि आपण तो पट्टा पाठीमागून नेऊन बकलमध्ये अडकवतो, का तर टिंगटिंग वाजतं म्हणून.

ते टिंगटिंग बंद करायला बेल्टऐवजी बकलमध्ये अडकवायच्या क्लिपा पण मिळतात. 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन साइटवरून अशा तेरा हजारांवर लिस्टिंग काढायला लावल्या. तरी ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारून बघा. त्याच दुकानात नव्या गाडीला सीट कव्हर चढवतात आणि मागची बकलं कव्हरच्या खाली दाबून टाकतात. आणि सीटच्या कडेला साइड एअरबॅग असेल तर कुठलंही कव्हर चढवून ती शिवून बंद करू नका, तिला बाहेर यायला जागा लागते.

"आपण काय एवढं फास्ट जातो, गावातल्या गावात तर जायचंय" हे पण ऐकवू नका. 50 च्या स्पीडला आदळणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. मांडीवरचं दहा किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोच्या वर जातं, कोणत्या आईच्या हातात एवढी ताकद आहे? आणि मागचा बिनबेल्टचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो तेव्हा बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसाचाही जीव जाऊ शकतो.

कायदा तर आहेच, मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, नाहीतर हजार रुपये दंड, चौदा वर्षाखालच्या मुलांसाठी पण तेवढाच. मिस्त्री गेल्यावर मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून सगळ्यांना बेल्ट म्हणून जाहीर केलं, थोडे दिवस चर्चा झाली, मग पुन्हा जैसे थे.

म्हणून हात जोडून सांगतो, आज खाली पार्किंगमध्ये जा, मागच्या सीटच्या फटीत हात घाला, तिन्ही बकलं वर काढा आणि बेल्ट लावून, झटका देऊन बघा लॉक होतात का. आजी-आजोबांना लावायला जमत नसेल तर तुम्ही लावून द्या आणि मगच गाडी चालू करा.