हिंग लावून विचारणारा माणूस

एखाद्याची पत संपली की त्याला कोणी हिंग लावूनही विचारत नाही, असे आपण म्हणतो. माझे नेमके उलटे झाले आहे. गेली सहा वर्षे मीच भेटेल त्याला हिंगाविषयी विचारत असतो आणि त्या एका प्रश्नापायी माझी उरलीसुरली पतही जाण्याच्या मार्गावर आहे.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर माझे हिमोग्लोबिन आठावर येऊन बसले आणि लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे यांपैकी कशालाही दाद देईना, तेव्हा या प्रकरणाला सुरुवात झाली. रक्ताची एक निराळी तपासणी झाली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचे कणभर तुकडे काढण्यात आले आणि शेवटी डॉक्टरांनी 'सीलिॲक' असे निदान सांगितले. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाची चाहूल लागली की माझी रोगप्रतिकारशक्ती चवताळून स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते, आतड्यातली मखमलीसारखी लव झडून तिथे गुळगुळीत मैदान होते आणि मग खाल्लेले अंगी लागत नाही, असा एकूण मामला होता. औषध विचारले तर ते म्हणाले, "औषध नाही. गहू, जव आणि राय, तिन्ही जन्मभर बंद." राय हे धान्य मी कधी पाहिलेलेही नसल्यामुळे त्याचा त्याग मी तिथल्या तिथे, हसतमुखाने केला.

पोळीचे दुःख मात्र महिनाभर पुरले. नंतर भाकरीची सवय झाली आणि आपल्या पोळीवर तूप ओढून घेण्याचा आरोप आता माझ्यावर कोणी करू शकणार नाही, एवढे समाधान उरले. खरा वैरी निघाला तो मसाल्याच्या डब्यात. एके रात्री, सगळे पथ्य पाळूनही पोट का बिघडते या विवंचनेत मी स्वयंपाकघरातली एकेक वस्तू भिंगाखाली धरत होतो. हिंगाच्या डबीवर मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटक छापले होते: खाद्य डिंक, गव्हाचे पीठ आणि मग, सर्वांत शेवटी, हिंग. शुद्ध हिंग हा मुळातून पाझरणारा, अफगाणिस्तान-इराणकडून येणारा चीक इतका उग्र असतो की तो फोडणीत घालण्याजोगा व्हावा म्हणून पिठात आणि डिंकात मळतात. काही जण त्यासाठी तांदळाचे पीठ वापरतात. पण आमची डबी त्यांतली नव्हती. २०२० साली हिमाचल प्रदेशातल्या लाहौलच्या खोऱ्यात हिंगाची रोपे लावल्याची बातमी वाचून मला देशभक्तीचे भरते आले होते, परंतु देशी हिंगालाही डबीत शिरताना हेच पीठ भेटेल, हे लक्षात येताच ते ओसरले.

याचा अर्थ असा, की वरण, आमटी, पोहे, मठ्ठा, लोणचे आणि उडदाचा पापड हे माझे बालमित्र एका रात्रीत संशयित ठरले. ज्या घरी जावे तिथे पानावर बसण्यापूर्वी "वहिनी, हिंग कोणता वापरता?" असे विचारणे मला भाग पडते. हिंग संपला असल्यामुळे तो मागायला आलो आहे, असे समजून दोन घरांतून मला पुडीही बांधून मिळाली आहे.

दळणाचीही तीच कथा. गव्हाबरोबर किडेही रगडले जातात, ही म्हण माझ्या कामाची नाही, कारण माझ्याकडे ज्वारीबरोबर गहू रगडला जातो. आमचा गिरणीवाला भला माणूस. "काका, काळजी करू नका, आधी झाडून घेतो आणि मगच तुमची ज्वारी टाकतो," असे म्हणून तो जात्याला दोन चापट्या मारी आणि पांढऱ्या धुक्यात उभे राहून माझी ज्वारी टाकी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणवणाऱ्या किलोभर पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, म्हणजे चिमटीत धरायलाही पुरणार नाही इतके. तेवढे तर त्या गिरणीवाल्याच्या भुवयांवरच असे. शेवटी घरघंटी घेतली.

घरचा बंदोबस्त झाला की प्रवास उभा राहतो. गेल्या डिसेंबरात चुलतभावाच्या मुलाच्या लग्नासाठी इंदूरला जायचे ठरले, तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांखाली ज्वारीचे पीठ, राजगिऱ्याचे लाडू, खाकऱ्यासारख्या कडक भाकऱ्या, स्वतंत्र झारा आणि एक लोखंडी तवा होता; ज्या तव्यावर दोनशे पोळ्या भाजल्या आहेत, त्यावर माझी भाकरी टाकण्यात अर्थ नसतो. पुणे स्थानकावर क्ष-किरण यंत्रापाशी बसलेल्या हवालदारांनी पडद्यावरचे ते काळे, गोल, भरीव प्रकरण बराच वेळ न्याहाळले. "हे काय?" "तवा." "आणि ही पांढरी पावडर?" "पीठ." "लग्नाला चाललात म्हणता, मग तिथे जेवण नाही का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर गाडी चुकली असती, म्हणून मी सांगितले, "उपास आहे." हवालदारांनी हात जोडले आणि बॅग पुढे ढकलली.

हा शोध मला त्याआधीच लागला होता. सीलिॲक म्हणजे काय, हे दहा मिनिटे समजावून सांगितले, तर समोरचा माणूस कळवळून म्हणतो, "अरेरे! मग तुमच्यासाठी नुसता रव्याचा उपमा टाकते." पण "उपास आहे" एवढे दोन शब्द उच्चारले, की निराळे पातेले निघते, हात धुतले जातात, धुतलेला चमचा येतो, हिंगाचे नाव कोणी काढत नाही आणि साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी असा राजेशाही थाट समोर येतो. जे वैद्यकशास्त्राला जमले नाही ते एकादशीने केले. हॉलंडमध्येही काहीसे असेच घडले होते. लहान मुलांच्या या दुखण्याचे मूळ गव्हात असावे, असा विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार होऊन पाव दिसेनासा झाला, तेव्हा त्याचे हे रुग्ण सुधारले, पाव परतताच पुन्हा आजारी पडले आणि संशय पक्का झाला. आमच्या काकूंना हे ऐकवले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाही उपास लाभला की."

इंदुरात पहिले दोन दिवस सुरळीत गेले. सकाळी मंडळी पोहे-जिलबीवर तुटून पडत आणि मी कोपऱ्यात लाडू फोडत असे. सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली साबुदाण्याची खिचडी खाण्याचा मोह मी शेजारी तळले जाणारे पदार्थ पाहून आवरला. तिसऱ्या दिवशी मात्र वधूच्या आत्याबाईंनी हिशेब मांडला: मंगळवार झाला, बुधवार झाला, गुरुवार झाला, तर हा उपास आहे तरी कोणत्या देवाचा? मी गडबडीत "नवस आहे" म्हणालो. त्यानंतर दोन वृद्ध स्त्रिया माझ्या पाया पडता पडता राहिल्या.

लग्नानंतर सत्यनारायण होता, आणि इथे उपासाची ढाल निकामी ठरते, कारण प्रसादाला उपास आडवा येत नाही. प्रसाद सव्वाच्या मापाने केलेला, तुपाने थबथबलेला, केळ्याचा आणि अस्सल गव्हाच्या रव्याचा. त्यातून नुकतीच कथा ऐकलेली: नवरा आल्याच्या आनंदात कलावती प्रसाद न घेता बंदरावर धावली आणि त्याची नौका बुडाली. मी द्रोण कपाळाला लावून गर्दीतून सटकण्याच्या बेतात असताना एक्क्याऐंशी वर्षांच्या काकूंनी मला मागच्या खोलीत ओढले.

"बैस. तुझ्यासाठी राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा केलाय मी. कढई नवी, झारा तुझाच, तुझ्या बॅगेतून काढून घेतला. रव्याच्या शेगडीकडे फिरकलेसुद्धा नाही. आणि हिंग नाही हं घातलेला!"

शिऱ्यात हिंग घालत नाहीत, हे सांगण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. सहा वर्षांत इतक्या काटेकोरपणे माझ्यासाठी कोणी काही रांधले नव्हते. डोळे भरून आले. मी चमचा भरून तोंडाजवळ नेला, तोच काकू पदराला हात पुसत समाधानाने म्हणाल्या, "देवापुढच्या शिऱ्यातला एक चमचा तेवढा वरून मिसळलाय. नाही तर त्याला प्रसाद कोण म्हणेल?"

माझा चमचा ओठांपाशी, कलावतीच्या नवऱ्याची नौका धक्क्यापाशी आणि काकू माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेल्या.