दर महिन्याला घरी येणारे ते दोनशे डॉलर

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. पोस्ट मोठी होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

परदेशात गेलेले लोक मायदेशाच्या विकासाला काय देतात असा विषय निघाला की लगेच कुठल्यातरी सीईओचं किंवा कॉलेजला मोठी देणगी देणाऱ्याचं नाव पुढे येतं. त्यांचं काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बांधकामावर राबणारे, दुसऱ्यांच्या घरची म्हातारी माणसं सांभाळणारे, जहाजावर नाहीतर शेतात काम करणारे जे करोडो लोक महिन्याला दोनशे-तीनशे डॉलर घरी पाठवतात ना, त्यांचं नाव कोणी घेत नाही. वर्ल्ड बँकेच्या अंदाजाने २०२३ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असे जवळपास ६५६ अब्ज डॉलर आले. या देशांना मिळणारी सगळी सरकारी परदेशी मदत याच्या निम्मीसुद्धा भरत नाही. आणि हा फक्त नोंद झालेला पैसा, कोणाच्या हाती पाठवलेला, हवालाने आलेला यात नाहीच. नेपाळच्या अर्थव्यवस्थेचा साधारण पाव हिस्सा या पैशाएवढा आहे, ताजिकिस्तान आणि टोंगामध्ये तर त्याहून जास्त.

मग यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "हो, पण तो पैसा नुसता खाण्यापिण्यात आणि घर बांधण्यात जातो, त्यातून कुठे गुंतवणूक होते?" मला हे वाक्य खरंच सहन होत नाही. पोरांची फी भरणं ही गुंतवणूक नाही? आईचं ऑपरेशन वेळेवर होणं हा विकास नाही? फिलिपिन्सचं उदाहरण बघा. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात तिथले कामगार ज्या वेगवेगळ्या देशांत होते तिथल्या चलनांचे भाव वेगवेगळे बदलले, म्हणजे कोणाच्या घरी अचानक जास्त पैसे पोचायला लागले तर कोणाच्या घरी तेवढे नाही. डीन यांग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने या घरांची तुलना केली तेव्हा दिसलं की जिथे जास्त पैसे पोचले तिथली मुलं शाळेत जास्त टिकली, मुलांनी कामाला जाणं कमी झालं, आणि त्या घरांनी नवे छोटे धंदेही सुरू केले. अजून कसला पुरावा पाहिजे?

आणि हा पैसा अडचणीत पळून जात नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये अंदाज होता की कोरोनामुळे तो जवळपास २० टक्के घटेल, प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांच्याही आतली निघाली. स्वतःच्या नोकरीची खात्री नसताना, पोटाला चिमटा काढून लोक पाठवत राहिले.

एकत्र येऊन केलेलं कामही आहेच. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या कायेस भागातून फ्रान्सला गेलेले कामगार तिथल्या होस्टेलमध्ये राहून वर्गणी काढायचे, त्यातून आपापल्या गावात शाळा, दवाखाने, विहिरी उभ्या केल्या. मेक्सिकोत झाकातेकास राज्यातून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या क्लबांनी सुरू केलेलं काम तर पुढे देशभराची योजना झालं. २००२ मध्ये सुरू झालेली ही 'थ्री फॉर वन' योजना, म्हणजे क्लबने एक डॉलर घातला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका एकेक डॉलर घालायचे. रस्ते, पाणी, वीज, शाळांची दुरुस्ती. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे हे क्लबवाले हिशोब मागायचे! पैसे आमचे पण आहेत, काम कुठपर्यंत आलं दाखवा, म्हणून थेट नगराध्यक्षाला विचारायचे. माझ्या मते पैशापेक्षा ही सवय मोठी देणगी. अर्थात खोट होतीच, जिथून जास्त लोक बाहेर गेले तिथेच जास्त पैसा गेला, आणि सगळ्यात गरीब गावांतून बाहेर जायलाच कोणाला परवडत नाही, त्यामुळे ती मागे राहिली. म्हणूनच गावाला पाणी देणं हे सरकारचंच काम आहे, परदेशातल्या पोरांवर ते ढकलून चालणार नाही.

बाकी परदेशातल्या आपल्या लोकांना विकलेले बाँड म्हणजे कर्जरोखे वगैरे आहेतच, पोखरणनंतर निर्बंध आले तेव्हा १९९८ मध्ये भारताने अनिवासी भारतीयांकडून ४.२ अब्ज डॉलर उभे केले. तैवानच्या शिंचू सायन्स पार्कमध्ये सिलिकॉन व्हॅलीतून परतलेल्या इंजिनियरांनी कंपन्या काढल्या. यावर भरपूर लिहिलं जातं म्हणून मी थांबते.

माझा खरा मुद्दा पैसे पाठवायला लागणाऱ्या फीचा आहे. २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो, बँकेतून पाठवले तर त्याच्या जवळपास दुप्पट. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय की २०३० पर्यंत हा खर्च तीन टक्क्यांच्या खाली आणायचा. नुसते तीन टक्के वाचले तरी वर्षाला १९-२० अब्ज डॉलर थेट त्या घरांत जातील, कुठलीही नवी योजना नको, कुठलं उद्घाटन नको. मोबाईलवरून पाठवणं खूप स्वस्त पडतं हे सिद्ध झालंय, मग तो रस्ता सगळ्यांना मोकळा का करत नाहीत? शिवाय 'झिरो फी' लिहून एक्सचेंज रेटमध्ये पैसे कापतात, ते तर आधी बंद करा. पाठवायच्या आधी पूर्ण खर्च एकाच आकड्यात, त्या कामगाराला वाचता येईल अशा भाषेत स्क्रीनवर दिसलाच पाहिजे, आणि तसा कायदा पैसे जिथून निघतात त्या देशाने पण करावा आणि जिथे पोचतात त्यानेही.