नेट बंद, व्हीपीएन चालू? त्या फॉरवर्डचा हिशेब

"सरकारने नेट बंद केलं तरी तुम्ही ऑनलाइनच!" असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरमार्गे लपवून नेणारं अ‍ॅप) टाका, परराज्यातलं सिम ठेवा, ब्लूटूथवर चालणारं अ‍ॅप घ्या, सॅटेलाईट फोन घ्या. आणि वर 'सुप्रीम कोर्टाने इंटरनेट मूलभूत हक्क ठरवलाय, बिनधास्त राहा'. आमच्या कोल्हापुरात ७ जून २०२३ ला नेट गेलं तेव्हा यातल्या एकदोन गोष्टी मी करून बघितल्या होत्या, म्हणून लिहितोय.

"व्हीपीएन लावा, सगळं चालू." इथे दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने फेसबुक, यूट्यूबसह २६ सोशल मीडिया सेवा बंद केल्या. तेव्हा लोक व्हीपीएनवरून आत शिरले, कारण नेट चालूच होतं. आपल्याकडे नेटबंदीचा आदेश निघाला की मोबाइल कंपनी त्या भागातल्या टॉवरवरचा डेटाच काढून घेते. व्हीपीएन म्हणजे गाडीच्या काळ्या काचा. रस्ताच उखडलाय तिथे काचांचं काय करणार? मी आधीच उतरवून ठेवलेली तीन व्हीपीएन आलटून पालटून लावली. तिन्हींवर ते गोल चक्र फिरत राहिलं, बॅटरी तेवढी उतरली. शिवाय मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत व्हीपीएन वापरण्यावरच बंदीचे आदेश निघाले होते.

"परराज्यातलं सिम चालतं." सिम निपाणीचं असलं तरी कोल्हापुरात ते टॉवर कोल्हापूरचाच पकडणार. माणसानेच हद्द ओलांडली तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०२० मध्ये काश्मीर खोऱ्यातली माणसं खच्चून भरलेल्या रेल्वेने खोऱ्याबाहेर बनिहालला जायची, सायबर कॅफेत तासाला ३०० रुपयांपर्यंत मोजून ऑनलाइन कामं उरकायची. त्या गाडीचं नावच 'इंटरनेट एक्स्प्रेस' पडलं होतं.

"ब्लूटूथ अ‍ॅपला नेट लागतच नाही." खरं आहे, पण अर्धंच. ब्लूटूथची धाव दहा-वीस मीटर, उघड्यावर थोडी जास्त. निरोप पुढे सरकायला वाटेत तेच अ‍ॅप असलेले फोन लागतात. मोर्चात जमेल, राजारामपुरीतून इचलकरंजीच्या आत्याला निरोप पोचणार नाही. आणि नेट गेल्यावर अ‍ॅप उतरवणार कुठून? गुप्ततेच्या भरवशावरही राहू नका. हाँगकाँगच्या आंदोलनात गाजलेल्या ब्रिजफाय या अशाच अ‍ॅपमध्ये २०२० साली संशोधकांनी गंभीर त्रुटी दाखवल्या होत्या. ब्रायर हे दुसरं अ‍ॅप त्यातल्या त्यात बरं, पण मे २०२३ मध्ये केंद्राने बंद केलेल्या १४ अ‍ॅपमध्ये तेही होतं.

"सॅटेलाईट फोन घ्या." थुराया, इरिडियम या कंपन्यांचे सॅटेलाईट फोन विनापरवाना बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला नुसत्या गार्मिनच्या सॅटेलाईट यंत्रापायी अडवलं गेलं. पुढचं बोलायलाच नको.

"मूलभूत हक्क." काश्मीरच्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा १० जानेवारी २०२० चा निकाल असं म्हणत नाही. इंटरनेटवरून बोलण्याचं आणि धंदा करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९ खाली येतं, बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करा, हे कोर्टाने सांगितलं. इंटरनेट मिळणं हाच हक्क का, यावर मत दिलंच नाही. निकालानंतरही काश्मिरात फोरजी परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट मात्र कामाची. ऑगस्ट २०१९ च्या काश्मीरसारखे अपवाद सोडले तर साधे कॉल सहसा चालू राहतात, आणि कॉल चालू तर *९९# सुद्धा, म्हणजे नेटशिवाय फोनवरून यूपीआयने पैसे पाठवायचा नंबर. यूपीआयचा पिन तोच, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. सगळ्याच सिमवर चालेल असं नाही, म्हणून आज रात्रीच कुणाला तरी दहा रुपये पाठवून बघा.

२०२३ च्या त्या नेटबंदीत आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने क्यूआरच्या पाटीवर फडकं टाकलं होतं. आईच्या बीपीच्या गोळ्या हव्या होत्या, खिशात चाळीस रुपये. *९९# लावला, त्याचा नंबर टाकला. एकदा मेन्यू मधेच लटकला, दुसऱ्यांदा पैसे गेले. "कुठनं शिकलासा हे?" म्हणाला, आणि तरीही वहीत माझ्या नावावर २३५ रुपये मांडून ठेवले. नेट आल्यावर खातं बघून मग ती ओळ खोडली.