जास्वंदीची पिवळी पानं आणि गळणाऱ्या कळ्या: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एप्रिलमध्ये आमच्याकडून नेलेल्या दोन्ही जास्वंदींची पानं महिनाभरात पिवळी पडली, कळ्या न उमलताच गळतात, शेंड्यांवर पांढरी बुरशी आली, म्हणजे आम्ही रोगट झाडं विकतो, असं तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय. रोगट झाडं विकतो हे आम्हाला मान्य नाही. पण तुमचे फोटो मोठे करून नीट पाहिले. दोन्ही झाडं वाचणारी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

शेंड्यांवर दिसते ती बुरशी नाही, मिलीबग आहे, म्हणजे पिठ्या ढेकूण. दुसऱ्या फोटोत खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललीय, तीच त्याची खूण. हे किडे रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात. तो चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. हा किडा आहे, बुरशी नाही, म्हणूनच तुम्ही मारलेल्या बुरशीनाशकाचा काही उपयोग झाला नाही. बरबटलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. बाकी झाडावर, मुख्यतः पानांच्या मागच्या बाजूने, पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून फवारा. आठवड्याच्या अंतराने निदान तीनदा करायचं, कारण त्या पांढऱ्या, कापसासारख्या थराखालची अंडी एका फवारणीत मरत नाहीत. कुंड्या भिंतीला टेकल्यात, त्या पुढे ओढा. मुंग्यांची एक वाट बंद होईल.

याहून कडक औषध मात्र आम्ही देणार नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला सापडला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पसरला. फवारे मारून शेतकरी दमले, आणि शेवटी त्याला आवरलं ते पोर्टो रिकोहून आणलेल्या एका बारीकशा गांधीलमाशीने. विषारी औषधाने आधी मरतात ते असे मित्रकीटकच.

पिवळ्या पानांचं कारण वेगळं आहे. तुमच्या झाडाची खालची, जुनी पानं पिवळी होताहेत आणि कुंडीखालची बशी पाण्याने भरलेली दिसतेय. मुळांचा श्वास कोंडतो तो तिथे. पुण्यात उन्हाळा लागला की लोक धास्तीने दोन्ही वेळा पाणी घालतात. वरची माती सुकलेली दिसते, पण आत लाल मातीचा गोळा चिंब असतो. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. घालाल तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत घाला आणि बशी लगेच रिकामी करा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं असतं, तर बोअरच्या जड पाण्यामुळे लोह कमी पडतंय असं म्हटलं असतं. तुमचं तसं नाही, त्यामुळे लोहाची पावडर आणू नका.

राहिल्या कळ्या. गळलेली कळी नखाने उकलून बघा. आत बारीक अळ्या असतील तर पडलेली प्रत्येक कळी रोज उचलून टाका, नाहीतर त्या अळ्या मातीत उतरून पुन्हा पिढी वाढवतात. आत काही नसेल तर उष्णतेचा संशय घ्या. पश्चिमेची गॅलरी, पारा चाळिशीला, आणि तिसऱ्या फोटोत एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा थेट झाडावर! सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा शोधा. आठवड्याला युरिया घालताय, तोही थांबवा. त्याने पानं माजतात, फुलं येत नाहीत.

तुम्ही झाडं बदलून मागितलीत. पण नवं झाड त्याच बशीत, त्याच एसीसमोर ठेवलं तर त्याचंही हेच होईल. जूनमध्ये पाऊस लागला की दोन्ही घेऊन या. तुमच्यासमोर मुळं पाहू. मुळं काळी, मऊ पडली असतील तर दुसरं झाड देऊ, पैसे न घेता. चांगली असतील तर माती बदलून हलकी छाटणी करून देऊ. जास्वंदीला फुलं नव्या फुटीवरच येतात, तेव्हा छाटलेलं झाड गणपतीच्या सुमारास फुलायला हवं.

सोलापूर रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत, सकाळी या. आणि गळलेल्या दोन-चार कळ्या डबीत घालून आणा.