यादीत नाव आलं म्हणून हॅकर येत नाही

जळगाव-धुळ्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही पाहता-वापरता येतो अशा प्रकल्पांनी ‘आमचं सॉफ्टवेअर कोण वापरतं’ याची यादी जाहीर करणं बेकायदा आहे, तिच्यामुळे हॅकरला आयता पत्ता मिळतो, आणि प्रकल्पाच्या पदरात काहीच पडत नाही. तिन्ही एका दमात वाचलं की पटतं. सुटं करून पाहू.

हॅकरचं आधी घेतो, कारण त्यालाच सगळे घाबरतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, सॉफ्टवेअरमधल्या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या घटकातली मोठी त्रुटी उघड झाली. हल्लेखोर कुठलीही यादी वाचत बसले नाहीत. इंटरनेटवर दिसेल त्या सर्व्हरवर त्यांनी त्या त्रुटीचा फायदा घेणारी एकच ओळ फेकून पाहिली. गंमत उलट बाजूला झाली. आपल्याकडे काय चालतं हेच कित्येक कंपन्यांना माहीत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या अमेरिकी कंपनीने कर्ल या, इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या टूलचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांना ईमेल धाडला: तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगफोरजे आहे का, २४ तासांत कळवा. लॉगफोरजे जावा भाषेतलं, कर्ल सी भाषेतलं, म्हणजे प्रश्नच चुकीचा. शिवाय त्या कंपनीने स्टेनबर्गना कधी छदाम दिलेला नव्हता. हां, यादीत व्हर्जन नंबर किंवा सर्व्हरचा अंतर्गत पत्ता लिहिणारा महाभाग मात्र संकट ओढवून घेतो. नाव आणि कशासाठी वापरता, एवढं पुरे.

आता बेकायदा म्हणण्याचं. अमुक कंपनी अमुक सॉफ्टवेअर वापरते हे जाहीर असलेलं सत्य लिहिणं वेगळं, आणि तिचा लोगो मिरवून तिचा पाठिंबा असल्याचं भासवणं वेगळं. ट्रेडमार्कचं भांडण दुसऱ्यात होतं. म्हणून बरेच प्रकल्प ‘अ‍ॅडॉप्टर्स’ नावाची साधी फाइल ठेवतात. कंपनीतलाच माणूस पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, पाठवून आपलं नाव घालतो. परवानगीचा प्रश्न तिथेच मिटतो.

खरी अडचण आपल्या भागात निराळी आहे, आणि मेसेजवाल्याच्या ती गावीही नाही. एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब-साठा सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवून देणारा बहुतेक वेळा बाहेरचा, दोन-तीन पोरांची फर्म चालवणारा असतो. मिलचं नाव त्याला कळलं ते कामामुळे. ईआरपीनेक्स्ट ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, तो त्याला गप्प बसायला सांगत नाही, पण शेठशी झालेला करार सांगू शकतो. तेव्हा शेठला विचारा, होकार लेखी घ्या, आणि उद्या त्यांनी काढ म्हटलं तर त्याच दिवशी काढा. बिल थकवलं म्हणून नाव टाकायचं, हा तर निव्वळ वात्रटपणा.

राहिला फायदा. सीएनसीएफसारखी, क्लाउडसाठीचे ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारी संस्था प्रकल्पाला वरच्या पायरीवर नेताना तो प्रत्यक्षात कोण वापरतं, हे तपासते. तिथे ही यादी थेट कामी येते. नव्याने सॉफ्टवेअर निवडणाऱ्यालाही आपल्यासारखा कोणी ते वापरतोय का, हे दिसतं. पैशांबाबत मात्र मेसेज बरोबर आहे. वेबवरची माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलवर वेबचा मोठा भाग विसंबून होता, तरी २०१४ साली त्यातली हार्टब्लीड ही त्रुटी उघड होण्याआधी त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळत. पैसा वेगळा मागावा लागतो. शेअर ब्रोकर कंपनी झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड काढला. तिथे अर्ज करायचा तर प्रकल्पाने आपल्या गरजांची वेगळी फाइल जाहीर ठेवावी लागते.